परीक्षकाचं देणं

माझा पोटापाण्याचा धंदा खोटं बोलणारे सर्व्हर लिहिण्याचा आहे. ईमेल पाठवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी आसगावात, आमच्या घराच्या माडीवर बसून काम करते. त्या सॉफ्टवेअरमधून कोणाच्या परीक्षेचा निकाल जातो, कोणाला नोकरीचं बोलावणं जातं, कोणाला थकलेल्या हप्त्याची आठवण जाते. ते गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी त्याला होईल तितकं छळून बघायचं, एवढंच माझं काम. छळायचं तर समोर दुसरं टोक लागतं, म्हणजे पत्र घेणारा सर्व्हर. खरा सर्व्हर इथे कामाचा नाही. तो बहुतेक वेळा सरळ वागतो आणि बिघडतो तेव्हा स्वतःच्या लहरीने बिघडतो. मला माझ्या लहरीने बिघडणारा हवा असतो. म्हणून मी नकली सर्व्हर लिहिते. त्याला पत्र ठेवता येत नाही, पुढे पोचवता येत नाही. त्याच्याजवळ फक्त एक संहिता असते: हे ऐकलंस की असं म्हण, मग इतके सेकंद गप्प राहा, मग अर्ध्या ओळीत लाईन तोड.

दोन टोकांमधलं हे बोलणं कसं चालावं याचे नियम जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्यांचा सुधारलेला मसुदा जॉन क्लेन्सिन यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये सिद्ध केला. रीत अजून जुनीच आहे. पहिल्यांदा सर्व्हर बोलतो: २२०, हजर आहे. पाठवणारा आपली ओळख देतो, पत्र कोणाकडून आणि कोणाला ते एकेका ओळीत सांगतो. दर ओळीला सर्व्हर २५० म्हणतो, म्हणजे ठीक. मग पाठवणारा ‘डेटा’ म्हणतो, सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे सांगा. पत्र ओळीमागून ओळ जातं आणि शेवटी एका ओळीवर एकटं टिंब येतं. त्या टिंबाला सर्व्हरने पुन्हा २५० म्हटलं की पत्र त्याच्या पदरात पडलं. २ ने सुरू होणारं उत्तर होकाराचं, ४ ने सुरू होणारं ‘आत्ता जमत नाही, मागाहून या’ असं, आणि ५ ने सुरू होणारं साफ नकाराचं.

माझ्या संहिता या रीतीच्या सांध्यांवर घाव घालतात. एकीत सर्व्हर २२० म्हणायलाच चार मिनिटं लावतो. दुसरीत पत्ता आनंदाने घेतो आणि मजकूर सुरू झाल्यावर ४५१ म्हणतो. तिसरीत तीन पत्त्यांपैकी मधलाच नाकारतो; पाठवणाऱ्याने उरलेल्या दोघांची पत्रं नीट द्यावीत आणि मधल्याची खबर मागे द्यावी, हे बघायचं असतं. एका संहितेत सर्व्हर टिंबापर्यंत सगळं ऐकून घेतो आणि २५० म्हणायच्या जागी मरतो.

आमच्याकडे कोणावर काही कोसळलं की एक वाक्य ठरलेलं आहे: ‘देव परीक्षा पाहून राह्यला.’ आसगाव पवनी तालुक्यातलं, चौरास पट्ट्यातलं गाव. जमीन काळी, पीक मुख्यतः धानाचं. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत आडव्या पडलेल्या असतात आणि नेमका तेव्हा अवकाळी पाऊस येतो. चार दिवसांत लोंबीला कोंब फुटतात. देव परीक्षा पाहून राह्यला. उभ्या पिकावर तुडतुडा येतो, रचलेलं पुंजणं रात्रीतून पेटतं, कोणाच्या किडन्या जातात आणि आठवड्याला भंडाऱ्याच्या खेपा सुरू होतात. प्रत्येक दारात, प्रत्येक ओट्यावर तेच वाक्य. मी ते लहानपणापासून ऐकत आले. पण परीक्षा घेण्याचाच पगार मिळायला लागल्यापासून ते माझ्या कानाला खटकतं. जो माणूस घरं बांधतो त्याला पडकी भिंत कोणी ‘घर’ म्हणून दाखवली तर जसं होईल तसं काहीसं. परीक्षा ही वस्तू काय असते, ती घेणाऱ्याच्या अंगावर कायकाय येऊन पडतं, हे मला रोज हाताने करून ठाऊक आहे. तेव्हा प्रश्न असा: देव परीक्षा पाहतो हे म्हणणं खरं व्हायला कोणत्या गोष्टी खऱ्या असाव्या लागतील?

पहिली गोष्ट नियमाची. माझा सर्व्हर कितीही वाकडा वागला तरी पाठवणाऱ्याने काय करायचं हे आधी लिहून ठेवलेलं असतं आणि ते कोणालाही वाचता येतं. सर्व्हर पहिलं अभिवादनच करत नसेल तर पाच मिनिटं थांबावं. टिंबानंतर उत्तर आलं नाही तर दहा मिनिटं थांबावं. ‘मागाहून या’ म्हटलं तर साधारण अर्ध्या तासाच्या आत पुन्हा दार वाजवू नये. मोडणाऱ्याशी कसं वागावं याचाही नियम आहे, म्हणून तर मोडून बघता येतं. नियमात नसलेली अपेक्षा मी संहितेत घातली आणि सॉफ्टवेअर त्यात अडकलं, तर ती चूक माझ्या नावावर लागते, सॉफ्टवेअरच्या नाही.

महाभारतातल्या यक्षाने ही अट पाळलेली आहे. तळ्यावर आलेल्या प्रत्येक भावाला तो बजावतो की आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. चौघे ऐकत नाहीत आणि पडतात. युधिष्ठिर ऐकतो. यक्ष कठोर आहे, पण लपवाछपवी करत नाही. आमच्या शिवारात रोवणीच्या वेळी कोणी असं काही बजावलेलं नसतं. पाऊस कोणाच्या बांधीत पडावा आणि कोणाचं धान त्याआधी घरात यावं याचा कुठला नियम जाहीर आहे? ज्याने मळणीयंत्र एक दिवस आधी ठरवलं त्याचं वाचलं. त्यात पुण्याचा हिशेब शोधू गेलं तर हाती काही लागत नाही.

दुसरी गोष्ट खोटेपणाची. माझा सर्व्हर टिंबानंतर २५० म्हणतो आणि पत्र टाकून देतो. या कामाला जगभर तयार साधनंही आहेत. विट्से व्हेनेमा यांच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरसोबत एक छोटा प्रोग्राम येतो, जो पत्रं घेतो आणि फेकून देतो. त्याचं कामच ते. पण नियम सांगतो की त्या शेवटच्या २५० ला वजन आहे. तो म्हणणाऱ्याने पत्र पोचवण्याची, नाहीतर पोचलं नाही असं कळवण्याची जबाबदारी घेतलेली असते, आणि मशीन मधेच बंद पडलं अशी क्षुल्लक सबब त्याला चालत नाही. म्हणजे २५० हे वचन आहे, आणि माझा सर्व्हर ते मोडायचं ठरवूनच देतो.

याकडे ‘मशीनच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करावं, असं मला वाटत नाही. पाली अट्ठकथांत खोटं बोलणं घडायला चार अंगं सांगितली आहेत: गोष्ट खरी नसणं, फसवण्याचं मनात असणं, त्यासाठी प्रयत्न करणं, आणि समोरच्याला ते कळणं. ही चार अंगं मी माझ्या सर्व्हरवर लावून बघितली. गोष्ट खोटी आहे. फसवण्याचा हेतू सर्व्हरला नाही, पण मला आहे. संहिता मी लिहिली. प्रयत्न म्हणजे तर माझी नोकरीच. आणि समोरच्या सॉफ्टवेअरला त्याचा अर्थ इतपत कळतो की ते आपल्या रांगेतून ते पत्र पुसून टाकतं. चारही अंगं भरली. बुद्धाने राहुलाला थट्टेतसुद्धा खोटं बोलू नकोस असं शिकवलं, आणि तो उपदेश सम्राट अशोकाला इतका मोलाचा वाटला की बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत अशा सात प्रवचनांत त्याने त्याचं नाव कोरून घेतलं. थट्टेची सूट नाही म्हटल्यावर चाचणीची सूट मी कोणाकडे मागू?

मला सूट मिळते ती पत्रामुळे. माझ्या चाचणीतल्या पत्रात कोणाचाही निरोप नसतो. पत्ते ‘.टेस्ट’ किंवा ‘.इनव्हॅलिड’ने संपणारे असतात. १९९९ पासून ही नावं कधीच कोणाला द्यायची नाहीत असं ठरलेलं आहे, म्हणून त्या पत्त्यावर कोणी वाट पाहत नाही. सर्व्हर फक्त माझ्याच मशीनच्या आतल्या पत्त्यावर ऐकतो, बाहेरचा कोणी त्याच्याशी बोलूच शकत नाही. बांधीत भरलेलं पाणी धुऱ्याच्या आत राहावं, शेजाऱ्याच्या रोपात शिरू नये, तसं हे खोटं आखून दिलेल्या चौकोनात राहतं. उद्या त्यात एक खरं पत्र शिरलं, कोणा मुलीचं नोकरीचं बोलावणं त्या २५० वर विश्वासून रांगेतून पुसलं गेलं, तर त्या क्षणी माझी परीक्षा संपली आणि फसवणूक सुरू झाली. मी परीक्षक आहे हे सांगून ती धुतली जाणार नाही.

आता देवाच्या परीक्षेकडे बघा. तिथे सगळी पत्रं खरी आहेत. सडलेलं धान खरं, कर्ज खरं, डायलिसिसच्या खुर्चीतला माणूस खरा. आणि हे आपल्या कथाकारांना पक्कं ठाऊक होतं. शिवलीलामृतातल्या चिलया बाळाची गोष्ट घ्या. अतिथी होऊन आलेला शंकर श्रियाळ-चांगुणेकडे त्यांच्या मुलाचं मांस मागतो. आई उखळात पोराला कांडते. ऐकताना अंगावर काटा येतो. पण शेवटी अतिथी म्हणतो, मुलाला हाक मार, आणि चिलया धावत येतो. हरिश्चंद्राचा रोहिदास पुन्हा उठतो. यक्षाच्या तळ्यावर पडलेले चारही भाऊ उठतात. कुर्बानीच्या कथेत हजरत इब्राहिमांच्या सुरीखाली शेवटी मेंढा येतो. कथा सांगणाऱ्यांना कळलेलं होतं की घेतलेलं जसंच्या तसं परत दिलं तरच तिला परीक्षा म्हणता येईल. नाहीतर ते क्रौर्य, मग करणारा कोणीही असो. बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट इथेच मला अडते. त्याचे सात मुलगे आणि तीन मुली मरतात, शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. आकडा जुळला. मेलेली पोरं मात्र मेलेलीच राहिली. आसगावात तर आकडाही जुळत नाही.

तिसरी गोष्ट परीक्षकाच्या अज्ञानाची. टिंबानंतर मरणाऱ्या सर्व्हरची संहिता मला सगळ्यात आवडते. पत्र पूर्ण गेलं, उत्तर आलं नाही, लाईन तुटली. पत्र पोचलं का? समोरच्याने ते लिहून घेतलं आणि मग मेला, की लिहिण्याआधीच? पाठवणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नाही. क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ मध्ये याच कोंडीवर एक टिपण लिहिलं. पुन्हा पाठवावं तर एकच पत्र दोनदा जाईल, न पाठवावं तर कदाचित कधीच जाणार नाही. ईमेलच्या जगाने यात दोनदा गेलेलं परवडलं असा कौल दिला आहे. कधीकधी एकच पत्र तुम्हाला दोनदा येतं त्यामागे बरेचदा हा कौल असतो. मला माझ्या सर्व्हरचा शब्द न् शब्द ठाऊक असतो, कारण तो मीच लिहिलेला. समोरचं सॉफ्टवेअर त्या अंधारात काय करेल हे मला ठाऊक नसतं. तेवढ्याच एका अज्ञानासाठी हा सगळा खटाटोप आहे. ते आधीच माहीत असतं तर चाचणी चालवणं म्हणजे नुसती वीज जाळणं झालं असतं.

सर्वज्ञाला कोणतं अज्ञान दूर करायचं आहे? माझ्या मोठीमायचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोचा, धीर किती आहे हे त्याला पाऊस पाडल्याशिवाय कळत नसेल, तर तो सर्वज्ञ नाही. कळत असेल, तर पाऊस कशासाठी?

चौथी गोष्ट शेवटाची. नियम पाठवणाऱ्याला अमर्याद वाट पाहायला लावत नाही. पत्र घेतलं जात नसेल तर चार-पाच दिवस प्रयत्न करावा, मग थांबावं आणि ज्याने पत्र दिलं त्याला कळवावं की पोचलं नाही. माझ्या चाचण्यांत वेळेवर हात टेकणं हे उत्तीर्ण होण्याचं लक्षण आहे. जे सॉफ्टवेअर कायमचं दार वाजवत राहतं ते नापास. गावातल्या देवाच्या परीक्षेत उलटं आहे. तिथे हात टेकणारा नापास, आणि परीक्षा कधी संपणार हे सांगायला कोणी बांधील नाही. एकामागून एक तीन हंगाम बुडालेल्या माणसाला आपण आणखी धीर धर म्हणतो. ज्या परीक्षेत ‘पुरे’ म्हणायची सोय नाही ती विदर्भातल्या माणसाला कुठे नेऊन सोडते हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाचवी गोष्ट दुरुस्तीची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात जड. चाचणी नापास झाली की सॉफ्टवेअरला कोणी रागवत नाही. ज्याने ते लिहिलं तो रात्री जागतो. मध्यंतरी आम्ही देवनागरी पत्त्यांच्या संहिता लिहिल्या. २०१२ च्या नियमाने ईमेलच्या पत्त्यात आपली अक्षरं चालू लागली, ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून घेता येतं; पण समोरचा सर्व्हर ती अक्षरं समजतो की नाही हे पाठवणाऱ्याने आधी विचारायला हवं. माझा नकली सर्व्हर मुद्दाम न समजणारा होता. सॉफ्टवेअरने न विचारताच पत्ता पुढे रेटला आणि अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली. नोंद माझ्याकडून गेली, दोष लिहिणाऱ्याचा ठरला, दुरुस्ती झाली, तीच संहिता पुन्हा चालवली. या चौकटीत देव बसवून बघा. माणूस त्याने घडवला, परीक्षाही तोच घेतो, तर माणूस कोलमडल्यावर दोष कोणाकडे जाईल? घडवणारा आणि तपासणारा एकाच घरातले असतील तर नापासाचा शिक्का त्या घराच्या दारावर बसतो. आपण मात्र तो कोलमडलेल्या माणसाच्या कपाळावर मारतो.

याला उत्तर म्हणून मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिली अशी की परीक्षा देवाला कळावं म्हणून नसते, माणसाला स्वतःचं स्वतः कळावं म्हणून असते. संकटात माणसाला आपली खोली कळते, हे मीही पाहिलं आहे. पण त्याच संकटात दुसरा माणूस कडवट होतो, तिसरा पिऊ लागतो, चौथ्याचं काहीच होत नाही, तो नुसता गरीब होतो. शिकवण्यासाठी रचलेली गोष्ट इतकी अंदाधुंद वाटली जात नाही. आणि लहान मूल मरतं तेव्हा ते काय शिकलं? त्याच्या आईने शिकावं म्हणून ते गेलं असं म्हणणं म्हणजे एका जिवाला दुसऱ्याचा धडा करणं. मी माझ्या चाचणीत खरं पत्र वापरत नाही, ते याचसाठी.

दुसरं उत्तर तुकोबांचं नाव घेऊन येतं, म्हणून ते झटकता येत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची बायको अन्नावाचून गेली, धंदा बुडाला, गावात मान गेला. आणि दिवाळं निघालं ते बरंच झालं, त्याने देवाची वाट मोकळी झाली, असं त्यांनी पुढे स्वतः म्हटलं. तुकोबांना मी काय सांगणार? पण हे कोण म्हणतं आहे आणि कोणाबद्दल, ते बघायला हवं. ते स्वतःच्या दिवाळ्याबद्दल बोलतात, आणि सगळं होऊन गेल्यावर बोलतात. दुष्काळात देहूच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून ‘तुझी परीक्षा चालली आहे’ असं ते म्हणत बसले नाहीत. उलट वडिलांच्या काळापासूनची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली आणि लोकांच्या डोक्यावरचा भार उतरवला, अशीच त्यांची कथा महाराष्ट्र सांगत आला आहे. स्वतःवर आलेल्याला परीक्षा म्हणण्याचा हक्क त्या माणसाचा आहे. तो हक्क दुसऱ्याला नाही.

मोठीमायवरून मी हे म्हणते. कडपा भिजल्या तेव्हा तीही हेच वाक्य बोलली, पण ओट्यावर बसून नाही. भिजलेल्या पेंढ्या उलटवता उलटवता. मी पीकविम्याची खबर मोबाईलवर भरत होते, कारण नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं होतं आणि रेंज येत-जात होती. मी तिला माझं सगळं तत्त्वज्ञान ऐकवलं. नियम नाही, शेवट नाही, परत देणं नाही, मग परीक्षा कसली? तिने पेंढी उलटवली आणि म्हणाली, ‘तू दिवसभर मशीनले छळतं, अन् देवाले कायदा शिकवतं. मी परीक्षा म्हनतो म्हनून माहे हात चालून राह्यले. पोच आली काय तुही, ते सांग आंधी.’ पोच आलेली नव्हती. तिच्या तोंडी ते वाक्य म्हणजे जगाचं स्पष्टीकरण नव्हतं. उद्या पुन्हा बांधीत उतरायला लागणारं बळ ती त्यातून काढत होती. ते बळ मला माझ्या युक्तिवादातून देता आलं नसतं. तिचं वाक्य मी तिच्याकडे ठेवलं. पण त्याच संध्याकाळी दोन घरं सोडून, ज्याचं धान आणि बैल दोन्ही त्या पावसात गेले, त्याला चार लोक तेच वाक्य ऐकवत होते, आणि तो मान खाली घालून ऐकत होता. तिथे त्याचा उपयोग एकच होता: सांगणाऱ्यांना लवकर उठून घरी जाता यावं.

अवकाळी पावसाला परीक्षा न म्हणणारी एक जुनी गोष्ट आमच्या जवळच आहे. आसगावातून पवनी फार लांब नाही. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन करून वैनगंगेच्या काठचे प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणले. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नाग आहे, ब्राह्मी अक्षरांत कोरलेल्या नावासकट. पाली ग्रंथांत त्याची कथा थोडक्यात येते. बोधीनंतर बुद्ध झाडाखाली बसलेले असताना सात दिवस पाऊस लागतो, आणि हा पाऊस अवकाळी होता असं ग्रंथ स्पष्ट म्हणतो. मुचलिंद येतो, वेटोळ्यांनी त्यांचं शरीर वेढतो, डोक्यावर फणा धरतो. आभाळ उघडतं तसा वेटोळी सोडून बाजूला होतो. पाऊस कोणी धाडला, कशासाठी धाडला, बुद्धांची परीक्षा होती का, यावर एक शब्द नाही. आमच्या गावातल्या बौद्ध घरांत असं काही झालं की परीक्षेचं वाक्य फारसं ऐकू येत नाही. कारण शोधा म्हणतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये सृष्टिकर्त्या ईश्वराला जागाच ठेवलेली नाही, त्याचा हा परिणाम असावा. मी स्वतः देव मानते, तरी ही गोष्ट मला त्यांच्याकडून घ्यावीशी वाटते. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, तेव्हा वरच्या भागातला पाऊस, धरणांतून सुटलेलं पाणी, ते खाली पोचायला लागणारे तास, असं सगळं मोजता येण्यासारखं होतं. मोजलं तर पुढच्या वेळी कोणाला किती आधी सांगायचं ते ठरवता येतं. परीक्षा म्हटलं की मोजायचं काही राहतच नाही. देवाच्या परीक्षेतला प्रश्न चुकीचा आहे अशी तक्रार कोणी करत नाही.

म्हणून माझं मत असं ठरत आलं आहे. परीक्षा घेणं हा अधिकार फुकट मिळत नाही. घेणाऱ्याने नियम आधी सांगावेत, खरं काही पणाला लावू नये, शेवट ठरवावा, घेतलेलं परत द्यावं आणि बिघाड निघाला तर स्वतः दुरुस्त करत बसावं. मी कंपनीतली एक साधी नोकरदार बाई, तरी नकली पत्रांच्या बाबतीत हे सगळं पाळते, कारण न पाळता केलेल्या कामाला आमच्या धंद्यात चाचणी म्हणतच नाहीत. देव असेल तर तो माझ्याहून वाईट परीक्षक असेल हे मानायला माझी श्रद्धा तयार नाही. आणि तो चांगला परीक्षक असेल, तर सडलेल्या कडपा, मेलेला बैल, डायलिसिसच्या खेपा या त्याच्या परीक्षा असूच शकत नाहीत. त्यांना परीक्षा म्हणणारा दुःखी माणसाला तर काही देत नाहीच, देवावरही न केलेल्या गुन्ह्याचा आळ घेतो.